नकाशाबाई आणि आपलं शटर

४ मार्च

धाकट्या,

आज एका पत्त्यावर पोचायला खरं काय लागलं ते आधी लिहितो. उजव्या बुटाचा तळ. ग्रीसचा अर्धा डबा, जो पिशवीत सांडला. दुपारचं जेवण, कारण ग्रीस त्याच्यावरच सांडलं. एका म्हातारीची शिवी. भाषा कळली नाही, शिवी कळली. आणि अख्खी सकाळ. नकाशाच्या मते रस्ता वीस मिनिटांचा होता. एवढं करून पोचलो तर शटरला झालं होतं काय? कोणीतरी भिंतीवरचा स्विच बंद करून ठेवला होता. मी तो चालू केला, कागदावर सही घेतली आणि उपाशी परत आलो.

फोनवर तुझ्याशी बोलणार नाही, असं मी निघताना आईसमोर म्हणालो होतो. पत्र लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. कंपनीच्या ऑफिसातून दर आठवड्याला आपल्या गावाकडे कागदांची पिशवी जाते, तिच्यात हे टाकायला देतो. उत्तर द्यायचं तर दे, नाही दिलंस तर माझं काही अडत नाही.

कंपनी आपल्याकडच्याच माणसाची, पण माणूस आता इथला झालाय. म्हणजे चहा विचारतो, पाजत नाही. कामाची रीत अशी, की सकाळी फोनवर पत्ते येतात. हत्यारांची पिशवी खांद्याला लावायची, बस धरायची, उतरलं की नकाशाच्या मागे चालत सुटायचं. शटर दुरुस्त केलं की पुढचा पत्ता. गाडी देत नाहीत, माझ्याकडे इथला परवाना नाही. पंचवीस वर्षं स्वतःच्या वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसलेला माणूस मी, आता एका बाईच्या हुकमावर रस्ते ओलांडतोय. नकाशात एक बाई बोलते. फोन कंपनीचा, त्यामुळे तिची भाषा इथली. ऑफिसातल्या मुलीने माझं जुनं खातं त्यात घालून दिलं, नावं-नंबर सगळे आले, भाषा मात्र तीच राहिली. मी तिला नकाशाबाई म्हणतो.

तिचं एक अक्षर मला वाचता येत नाही आणि वाचायची गरजही नाही. माझे कान तुला माहीत आहेत. चालत्या शटरच्या आवाजावरून मी सांगतो कुठली पट्टी वाकलीय. इथे दोन दिवसांत डावं, उजवं, सरळ हे शब्द उचलले. शिवाय तिचं गप्प बसणं. ती गप्प बसली की समजायचं, आपण चुकलोय आणि बाई मनातल्या मनात आपल्याला नावं ठेवतेय. थेट आपली आई.

खोलीत माझ्याबरोबर एक फरशी बसवणारा राहतो. आपल्याकडचाच, पण नऊ वर्षं इथे आहे, इथलं सगळं वाचतो. त्याचे मोजे खिडकीच्या कडीवर वाळत असतात, म्हणून खिडकी उघडता येत नाही. आणि खिडकी उघडता येत नाही म्हणून मोजे वाळत नाहीत. तो वास मी लिहीत नाही, कागद लांब जायचाय. मला मालक म्हणतो. पहिल्या दिवशी मी आपल्या वर्कशॉपचं सांगितलं तेव्हापासून. "मालक, पण इथे कोणाचे?" असं म्हणून स्वतःच हसतो. म्हणाला, "फोन मराठी करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे." मी नको म्हटलं. कानावर चालणाऱ्या माणसाला अक्षरं कशाला?

मधूनच नकाशाबाई लेखी काहीतरी विचारते. मुंग्यांची रांग, खाली दोन बटणं. मी डावं दाबतो. धंद्यात मी हेच शिकलो, विचारलं की ताबडतोब उत्तर द्यायचं. अडखळलो की समोरचा डोक्यावर बसतो. आजवर शंभरदा दाबलं असेल, एकदाही घोटाळा नाही. तू असतास तर दर प्रश्नाला चष्मा पुसत बसला असतास.

आता इथली शटरं. सगळी मोटरची. बटण दाबलं की वर जातात, मांजर गेल्यासारखी. सकाळी गल्लीच्या गल्ली उघडते आणि कानाला पत्ता लागत नाही. माणूस दुकान उघडतोय की फोडतोय, काय समजायचं? मला शिसारी येते. आपलं शटर कसं, कर्रर्र करत अर्ध्यावर अडणार, मग गुडघ्याची ढुशी, मग धाड! कोपऱ्यावरचा न्हावी त्या आवाजावर घड्याळ लावतो. आणि तुला ते बदलायचं होतं. "दादा, शटर बनवणाऱ्याचंच शटर रडतंय, गिऱ्हाईक हसतं." हसू दे की! भंगारातल्या पट्ट्या सरळ करून मी बनवलेलं पहिलं शटर आहे ते. वर तू म्हणालास, "मोटरीतलं तुला काय कळतं?" म्हणून आलो इथे. आता मोटरी दिवसभर उघडतोय आणि रात्री हाताचा वास जात नाही.

निघताना जे बोललो तेच परत लिहितो. ते शटर माझ्याशिवाय कोणाला वर करता यायचं नाही. डावा गुडघा कुठे लावायचा ते फक्त माझ्या गुडघ्याला माहीत आहे. वर्षभराने येईन तेव्हा शटर खाली असेल आणि तू बाहेर पायरीवर बसलेला असशील.

धाकटीला म्हणावं, नवऱ्याचं ऐकण्याआधी सासूच्या गुडघ्यांना तेल लाव.

तुझा दादा


१९ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. बरं.

काल एका बेकरीचा पत्ता आला. नकाशाबाईने नेलं, वळवलं, परत वळवलं आणि लाडिक आवाजात म्हणाली, पोचलात. हा शब्दही आता मला कळतो. समोर भिंत. भिंतीला टेकून कचऱ्याच्या पेट्या, एकीचं झाकण उघडं, आत नासलेलं दूध आणि भिजलेले खोके. झाकणावर एक उंदीर असा बसलेला, जसा जेवणाच्या सुट्टीतला कारकून. मी दिसल्यावरही उठला नाही. बेकरी इमारतीच्या पलीकडच्या तोंडाला होती आणि मधून वाट नव्हती. अख्ख्या इमारतीला वळसा. बाई खुशाल गप्प, तिचं काम संपलं होतं ना.

बेकरीवाली मात्र माणूस निघाली. ही एवढी थोरली, कोपरापर्यंत पीठ. तिची भाषा मला येईना, माझी तिला. मग तिने गाल फुगवले आणि म्हणाली, "घूं... घूं... ठक." मी बोट वर केलं, "ठक कुठे? वर?" ती खाली वाकून, "ठक." मी म्हटलं, "घूं बारीक की जाड?" तिने जाड घूं करून दाखवलं. गिअरचे दात गेले होते. जाड घूं म्हटल्यावर मी पेटी न उघडता सांगितलं असतं, पण सांगणार कोणाला? काम झाल्यावर तिने गरम पाव दिला, वर डोक्यावर टपली मारली. पिठाचा हात. दिवसभर म्हाताऱ्यासारखा फिरलो.

पण पाव हातात देताच तिने माझ्या फोनकडे बोट केलं आणि पाच बोटं दाखवली. तारे द्या म्हणे. इथे सगळ्याला तारे देतात. दुकानाला, दवाखान्याला, बसथांब्याला, संडासाला. फरशीवाल्याने दाखवलं, ज्या बोळात पेट्यांसमोर मला उभं केलं त्यालाही चार तारे आहेत. दिले कोणी? उंदराने? किळस आली. माणूस कुठे साधा मुतायला गेला तरी बाहेर येऊन मार्क देतो.

आता जे लिहितोय त्याला हसू नको. संध्याकाळी खोलीवर आलो की मी नकाशा इथून सरकवत सरकवत आपल्याकडे नेतो. समुद्र ओलांडायचा, आपला जिल्हा, आपलं गाव, आपली गल्ली. तिथे आपलं वर्कशॉप. ताईच्या मुलाने ते नकाशावर चढवलं तेव्हा मालक म्हणून माझंच नाव घातलं, आठवतं ना? फोटोत मी अर्ध्या शटरखाली उभा. साडेतीन तारे आणि खाली कोणीतरी लिहिलंय, "काम चांगलं, मालक फार बोलतो." न्हावीच असणार. इथे आलो त्या पहिल्या संध्याकाळपासून रोज बघतो, झोप बरी लागते.

फोटोच्या खाली लाल अक्षरं आहेत. आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिसतात. मला वाटायचं जाहिरात असेल. काल फरशीवाला शेजारी बसून नखं कापत होता, त्याला सहज विचारलं.

"हे लाल काय आहे रे?"

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. "कायमचं बंद."

"काय?"

"तुमचं वर्कशॉप. कायमचं बंद असं लिहिलंय. तुम्ही तर मला चालू आहे म्हणाला होतात."

"चालूच आहे."

"नकाशा म्हणतो बंद."

"नकाशाला काय कळतंय!"

"मग रोज सकाळी त्याच्या मागे का चालता?"

धाकट्या, हे काय आहे? खरं लिहितो, आधी क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, बघा, मी निघालो आणि दुसऱ्या दिवशी बंद! मग जेवण समोर आलं आणि मी ते तसंच झाकून ठेवलं. बंद पडेल असं मी म्हणालो होतो, कबूल. कायमचं म्हणालो नव्हतो.

खुलासा कर.

दादा


३० मार्च

भावास,

हे पत्र दोन पानी आहे. पहिलं पान कामाचं.

आपल्या शटरच्या वर्कशॉपची रीतसर वाटणी व्हावी अशी माझी मागणी आहे. पट्ट्या वाकवायचं मशिन, वेल्डिंगचा संच, मागच्या शेडमधला पत्रा, स्प्रिंगांचा साठा, नावाची पाटी आणि हातातली कामं, या सगळ्यात माझा अर्धा हिस्सा आहे. वर्कशॉप मी उभं केलं, तू मागून आलास, तरी मी अर्ध्यापेक्षा जास्त मागत नाही. पुढचं शटर माझं, ते वाटणीत धरू नये. आणि किंमत ठरवताना कोणी हात आखडता घेऊ नये. हा चालता धंदा आहे, बंद पडलेलं दुकान नव्हे. बाजारात नाव आहे, कामं रांगेत आहेत. वाटणी चालत्या धंद्याची होईल.

तुझा मोठा भाऊ

(पान दुसरं)

आता माझं.

तू खुलासा केला नाहीस. परवा नव्या बाजाराचे गाळे बांधणारा तो ठेकेदार, ज्याच्या मागे मी वर्षभर फिरलो, त्याचा फोन आला. "अहो, वर्कशॉप बंद केलंत आणि कळवलंसुद्धा नाहीत? माझा माणूस निघाला होता, नकाशावर बघितलं तर कायमचं बंद. म्हटलं, मग कशाला जातोस उन्हाचं. दुसऱ्याशी बोलणं चालू केलं. तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय झालंय?"

"नाही, कायमचं म्हटल्यावर वाटलं, मालकच..."

"अहो, मी बोलतोय ना तुमच्याशी!"

"हो, म्हणूनच आधी विचारून घेतलं."

अख्ख्या बाजाराची शटरं गेली, धाकट्या. एवढं काम आपल्या बापजन्मात आलं नव्हतं. मी बसथांब्यावर उभा होतो, माझ्यासमोरून दोन बसा निघून गेल्या.

आणि नकाशा खोटं बोलतो असं म्हणू नको. माझ्याकडे दुसरा पुरावा आहे. आईला मी रोज सकाळी फोन करतो तो तिच्या गुडघ्यांसाठी असं तुम्हाला वाटत असेल. तिची खिडकी शटरच्या बरोबर वर आहे. आपली शटर वर करायची वेळ झाली की मी फोन लावतो, आईला बोलू देतो आणि मी मागचं ऐकतो. न्हाव्याचा रेडिओ ऐकू येतो. दूधवाल्याची सायकल ऐकू येते, तिच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, सांग त्याला. धाकटीच्या बांगड्या जिन्यावरून उतरताना ऐकू येतात. शटर ऐकू येत नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकदाही नाही. त्या शटरचा आवाज दडवता येतो का? मेलेला उठेल!

आईला विचारलं, "खाली उघडलं का गं?"

"मला वरून काय दिसतंय? जिना उतरवत नाही. तूच विचार त्याला. तोंड नाही का तुला?"

"तोंड आहे, पण शब्द दिलाय."

"मग शब्दालाच विचार," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी आता कोणाला विचारत नाही. मला कळलंय. मी विमानात बसलो आणि तू शटर ओढलंस, जगाला कायमचं बंद म्हणून सांगून टाकलंस, आणि आता कुठेतरी मोटरींचं चकचकीत दुकान स्वतःच्या नावावर थाटलं असशील. तुला पट्टी धरायला मी शिकवलं. बोट कापलं तेव्हा दवाखान्यात मी नेलं, आणि आईला माझंच बोट कापल्याचं सांगितलं, तुला मार पडू नये म्हणून. इथला उंदीर परवडला. तो निदान समोर बसून होता. मला तुझी किळस येते.


९ एप्रिल

धाकट्या,

३० तारखेच्या पत्राचं दुसरं पान वाचलं नसलंस तर वाचू नको. वाचलं असलंस तर पुढचं वाच.

आज सुट्टी. फरशीवाल्याची दाढ ठणकत होती, दंतवैद्याकडे सोबतीला गेलो. नकाशा माझ्या फोनवर. बाई म्हणाली पोचलात, आणि या खेपेला खरोखर दारात पोचलो होतो. तेवढ्यात तिने मुंग्यांची रांग सोडली. मी डावं बटण दाबलं. फरशीवाला गाल धरून माझ्या खांद्यावरून बघत होता, तो दाढ विसरून ओरडला.

"काय केलंत हे?"

"तिने विचारलं, मी उत्तर दिलं."

"काय विचारलं ते कळलं का?"

"काय विचारणार? पोचलात का, रस्ता बरा होता का."

"विचारलं, ही जागा कायमची बंद झाली आहे का? डावं बटण म्हणजे हो!"

"पण दवाखाना तर उघडा आहे."

"मग बंद आहे म्हणून कशाला सांगितलंत? आत माणूस माझ्यासाठी पक्कड घेऊन उभा आहे!" मग तो थांबला. "मालक, असं आणखी कुठे दाबलंत?"

मी फोन खिशात टाकला.

"बेकरीत?"

"हो."

"औषधाच्या दुकानात? त्या बुटवाल्याकडे?"

"जिथे विचारलं तिथे."

तो पायरीवरच बसला. एका हाताने गाल धरलेला, हसताही येईना. "अहो, म्हणजे तुम्ही शटरं दुरुस्त करत पुढे चाललाय आणि दुकानं बंद करत मागे!"

मला बेकरीवालीचा पिठाचा हात आठवला. विचारलं, तिचं दुकान बंद दिसत असेल का? तो म्हणाला, "एकट्याच्या सांगण्यावरून नकाशा बंद करत नाही. दहा जणांना विचारतो, मग ठरवतो. एकट्याचं फक्त एकाच्या बाबतीत ऐकतो."

"कोणाच्या?"

"दुकानाच्या मालकाच्या."

हे बोलून तो गप्प झाला. नकाशाबाई गप्प बसते ना, तसा. मग हळूच म्हणाला, "पहिल्या संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या वर्कशॉपचा फोटो दाखवत होतात..."

दाखवत होतो. बोटाने समुद्र ओलांडून पहिल्यांदा तिथे पोचलो होतो, डोळे भरून आले होते, आणि बाईने मध्येच काहीतरी विचारलं. मी डावं दाबलं. तिला दूर करायला. फोटो दिसेना म्हणून.

किळस हा शब्द मागच्या पत्रात तुझ्यासाठी वापरला होता. तो परत घेतो. मला इथे हवाय.

फरशीवाल्याची दाढ निघाली. सुजल्या तोंडाने त्याने माझ्या फोनची भाषा मराठी केली आणि आपलं वर्कशॉप चालू असल्याचं कळवलं. त्यावर नकाशाचं उत्तर आलं, आता वाचताही येतं, "पडताळणी करून कळवू." बघ म्हणजे. बंद म्हटलं तर चुटकीसरशी विश्वास, चालू म्हटलं तर चौकशी. आणि मराठी केल्यावर बाई "उजवीकडे वळा" अशा सुरात म्हणते, की वाटतं आपण शाळेत डबा चोरलाय.

पण एक राहतंच. नकाशावर मी बंद केलं. मग आवाज का येत नाही? आजही सकाळी ऐकलं. रेडिओ, सायकल, बांगड्या. शटर नाही. बटणाचं ठीक आहे, पण माझे कान खोटं सांगत नाहीत. म्हणजे खरंच ते तुला वर करता येत नाहीये? का रागाने करत नाहीस? असंच असेल तर दोष अर्धा माझा, मी गुडघ्याची जागा तुला कधी दाखवली नाही.

वाटणीचं पत्र आज-उद्या तुझ्या हातात पडेल. हे त्याच्या मागून येणार. एका पत्राला दुसरं पत्र गाठत नाही. म्हणून शब्द मोडतो आणि फोन करतो. उद्या.

दादा


१२ एप्रिल

धाकट्या,

उद्या म्हणालो, पण दोन दिवस धीर झाला नाही. आज सकाळी लावला. तुझ्या नंबरवर कोणी उचलेना, मग धाकटीच्या नंबरवर. आता तुला सगळं कळलं असेल, पण ती तुला हसत हसत सांगणार आणि तू माझी बाजू घेणार, म्हणून मीही लिहितो.

"दादा? आईंशी बोलायचंय ना? मी खाली आलेय, थांबा, वर जाते."

"आईला नको. त्याला दे."

"कोणाला?"

"तुझ्या नवऱ्याला. अजून एकच आहे ना?"

ती म्हणाली, "ते सकाळीच गेले. फोन घरीच विसरले. तुमचं वाटणीचं पत्र घेऊन गेलेत."

माझ्या हातातला पाना पायावर पडला. "वकिलाकडे?"

"वकिलाकडे कशाला? त्या गाळेवाल्याकडे. म्हणाले, बंद पडलेल्या दुकानाची वाटणी कोण मागेल? दादाने स्वतःच्या हाताने लिहिलंय की चालता धंदा आहे, कामं रांगेत आहेत. आता तरी त्या माणसाचा विश्वास बसेल."

"आणि दुसरं पान?"

"ते नाही नेलं. घरी आहे. आईंनी वाचायला मागितलं होतं, मी म्हटलं, नुसती औषधांची नावं आहेत."

गेला महिनाभर तू सायकलवरून एकेका गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन चालू आहे, चालू आहे म्हणून सांगत फिरतोयस, हेही तिनेच सांगितलं. मी म्हटलं, मग मला एका ओळीने कळवायचं नाही का?

तेव्हा ती म्हणाली, "दादा, नकाशावर तुम्हीच बंद केलंत हे ह्यांना आधीच कळलं होतं. भाच्याने शोधून सांगितलं, मालकाच्या फोनवरून झालंय. आम्हाला वाटलं तुम्ही रागाने केलंत. मी म्हटलं, विचारा तरी. तर म्हणाले, त्याने बंद केलं तर करू दे. त्याचंच आहे."

धाकट्या, रागाने नाही दाबलं. राग होता, भरपूर होता, पण बटण त्याने दाबलं नाही. ते मी मूर्खपणाने दाबलं, आणि वर तुलाच शिव्या दिल्या, आणि तू ते ऐकून घेऊन सायकल मारत राहिलास. मला किती तारे द्यायचे ते आता तूच सांग.

पहिलं पान गाळेवाल्याकडून परत आलं की फाड. काम मिळो न मिळो. दुसरं धाकटीकडून मागून घे आणि चुलीत घाल, आईच्या हाताला लागायच्या आत. वाटणी मला नको. ताईच्या मुलाला सांग, मालक म्हणून आता तुझं नाव घाल, माझ्या फोनचा भरवसा नाही. बेकरीत जाऊन आलो, तिचं दुकान नकाशावर चालू आहे. मी तिला पाच तारे दिले. वाचून दिले.

वर्ष पुरं करतो. मोटरी शिकतोय, घाणेरडं काम आहे, पण येतं. आलो की तुला हव्या तिथे बसवू. आपल्या शटरचं नंतर बघू.

तुझा
दादा

ता. क. फोन ठेवता ठेवता मी धाकटीला विचारलं, "सायकलवर तो असतो, मग आपलं शटर वर करतं कोण?"

"मी."

"तू? अगं, ते अर्ध्यावर अडतं. डावा गुडघा लावावा लागतो."

"आता नाही अडत. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात ह्यांनी स्प्रिंग बदलली आणि खाचेत वंगण घातलं. पट्ट्या तुमच्याच ठेवल्यात. मोटर नाही बसवली, म्हणाले, दादाला विचारल्याशिवाय नको."

"बरं. पण आज उशीर झाला ना उघडायला? मी मघापासून कान लावून आहे."

"उघडलंय की."

"कधी?"

"मघाशी. तुमच्याशी बोलता बोलता."

तिच्या एका हातात फोन होता. शटर तिने दुसऱ्या हाताने वर केलं, आणि मला काहीही ऐकू आलं नाही.